नाकात मणी, बी की सेल? लहान मुलाच्या नाकात वस्तू अडकली तर काय करायचं, काय नाही

माझी मुलगी तीन वर्षांची असताना तिच्या उजव्या नाकपुडीत एक मोत्यासारखा प्लास्टिकचा मणी पंधरा-सोळा दिवस होता. घरात आम्ही सहा मोठी माणसं, पण कुणाच्या लक्षात आलं नाही. गणपतीच्या मखराला मण्यांच्या माळा लावल्या होत्या. विसर्जनानंतर त्या सोडून पडवीत ठेवल्या, एक तुटली आणि मणी ओटीभर झाले. केरसुणीने गोळा केले, तरी एखादा राहिला असणार.

पुढच्या आठवड्यात तिचं नाक वाहायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, सर्दी झाली हा तिका. ओव्याचो शेक दी." भाद्रपदातला पाऊस, घरात चाकरमान्यांची वर्दळ, अर्धी वाडी शिंकत होती. मलाही सर्दीच वाटली. डॉक्टरांनी औषध दिलं, पाच दिवसांनी ते बदलून दुसरं दिलं. शेंबूड थांबेना आणि त्याला वास यायला लागला. रात्री तिला कुशीत घेतलं की मान फिरवावी लागायची, इतका वास. शेवटी शेजारच्या अंगणवाडीताई सहज आल्या होत्या, त्यांनी विचारलं, "एकाच नाकपुडीतून येतं काय गो?" मी बघितलं. एकाच नाकपुडीतून येत होतं. इतके दिवस मीच तिचं नाक पुसत होते आणि हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं.

त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या भावाच्या मुलाने नाकात सेल घातला. तो प्रसंग पुढे येईल. या दोन्ही वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. आम्ही देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहतो. इथून तज्ज्ञ डॉक्टर गाठायचे तर दीड-दोन तास जातात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत आपण काय ठरवतो याला आमच्याकडे फार किंमत आहे. कोकणात राहणाऱ्या बहुतेक आई-बाबांची हीच परिस्थिती असेल.

१. एकाच बाजूची, वासाची सर्दी ही सर्दी समजू नका

साध्या सर्दीत दोन्ही नाकपुड्या वाहतात. नाकात वस्तू असेल तर बहुतेक वेळा एकच बाजू वाहते, शेंबूड पिवळा-हिरवट होतो, त्याला कुजका वास येतो, कधी त्यात रक्ताची रेघ दिसते. मूल त्याच बाजूला बोट नेतं. वस्तू आत राहिली की पाण्यासारखा स्राव अडतो, त्यात जंतू वाढतात आणि पू होतो. स्पंजचा तुकडा, कागद, फोम यांचा वास फार लवकर सुटतो. गुळगुळीत प्लास्टिकचा मणी मात्र बरेच दिवस गप्प बसू शकतो. आमच्याकडे पहिले काही दिवस तसंच झालं.

दोन ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे सगळ्यात जास्त होतं. उजव्या नाकपुडीत जास्त सापडतं, कारण बहुतेक मुलं उजव्या हाताने घालतात.

घरच्या घरी एक तपासणी करता येते. स्टीलचं उलथणं थंड पाण्याखाली धरून कोरडं पुसा आणि मुलाच्या नाकाखाली आडवं धरा. मूल तोंड मिटून श्वास सोडतं तेव्हा स्टीलवर वाफेचे दोन ठिपके उमटायला हवेत. एकच उमटला तर दुसरी बाजू बंद आहे. हे डॉक्टरही करतात, फक्त त्यांच्याकडे त्यासाठी वेगळी पट्टी असते. मग मुलाला मांडीवर उजेडाकडे तोंड करून बसवा, अंगठ्याने नाकाचं टोक हलकेच वर उचला आणि टॉर्च लावून बघा. आत काहीही घालायचं नाही, फक्त बघायचं. काही दिसलं नाही म्हणजे काही नाही, असं समजू नका. सुजलेल्या त्वचेमागे वस्तू लपते.

२. काय घातलंय ते शोधा, आणि रागावू नका

सगळी घाई यावर ठरते. मणी असेल तर सकाळपर्यंत थांबता येतं, सेल असेल तर एक तासही दवडायचा नाही. म्हणून मूल आधी खरं सांगेल असं बघा. "कुणी सांगितलं होतं घालायला?" असं ओरडलात की ते "नाय घातलं" म्हणणार आणि त्यालाच चिकटून राहणार. माझ्या मुलीला मी दोनदा विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. तिच्या मोठ्या चुलतभावाने सांगितलं, "तिने नाकात मणी ठेवलान होता, मी बघितलंय." भावंडांना जरूर विचारा.

मूल जिथे खेळत होतं ती जागा बघा. आमच्याकडच्या घरांत सापडणाऱ्या वस्तू मनात ठेवा: वाल, चवळी, कुळीथ, हरभरा, वाटाणा, चिंचोका, रातांब्याची बी, करवंदाची बी, पुळणीवरून आणलेले बारीक शंख-शिंपले, माळेचे मणी, खोडरबराचा तुकडा, खडू, गादीतला स्पंज, टिकल्या.

कडधान्यं आणि बिया नाकातल्या ओलाव्याने फुगतात. सकाळी सहज निसटू शकणारा वाटाणा रात्री घट्ट बसलेला असतो. त्यामुळे बी असेल तर त्याच दिवशी जा, आणि नाकात पाणी किंवा थेंब घालू नका.

दोन बियांचं वेगळं सांगते. काजूच्या हंगामात खळ्यात कच्च्या काजूबिया वाळत पडलेल्या असतात. अख्खी बी नाकात मावत नाही, पण फोडलेल्या टरफलाचा तुकडा मावतो. काजू सोलणाऱ्या बायकांचे हात कसे जळतात ते आपण बघितलेलं आहे. तेच तेल नाकातल्या नाजूक त्वचेला लागतं. दुसरी गुंज. लाल-काळी, सुंदर दिसते, मुलं गोळा करतात. तिच्या आतला गर अत्यंत विषारी असतो. अख्खं कवच असेपर्यंत विष सहसा बाहेर येत नाही, पण चिमट्याने धरताना ते फुटू शकतं. गुंज आहे अशी शंका असेल तर दवाखान्यात शिरतानाच तसं सांगा.

३. बटन सेल किंवा लोहचुंबक असेल तर लगेच निघा

भावाच्या मुलासाठी महाशिवरात्रीच्या जत्रेतून बोटात घालायची लाइटची अंगठी आणली होती. रात्री ती पेटत नव्हती. वहिनीने उघडून बघितली तर आत तीनऐवजी दोनच सेल. तिसरा खाली कुठे पडला असेल म्हणून सगळ्यांनी पाच मिनिटं शोधला. तेवढ्यात मुलगा नाक चोळत रडायला लागला. मण्याचं प्रकरण झालेलं असल्यामुळे भावाने वाट बघितली नाही, गाडी काढली. साधारण अडीच तासांत सेल बाहेर निघाला. तरीही आतली त्वचा एका बाजूला काळी पडली होती.

हे इतक्या लवकर का होतं ते कळलं तर कुणी सकाळपर्यंत थांबणार नाही. सेलची दोन्ही टोकं नाकातल्या ओल्या त्वचेला टेकतात, त्यामुळे त्वचेतून वीज वाहायला लागते. सेलच्या ऋण बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा तीव्र क्षार तयार होतो आणि तो त्वचा, मग तिच्याखालची कूर्चा (नाकातलं मऊ हाड) वितळवत जातो. सेल फुटलेला नसला, गळत नसला तरी हे होतं. खेळण्यात चालत नाही म्हणून काढून टाकलेल्या सेलमध्येही एवढं करण्यापुरती वीज शिल्लक असते. इजा काही तासांत होते. दोन्ही नाकपुड्यांमधल्या पडद्याला भोक पडू शकतं आणि ते आपोआप भरून येत नाही. पुढे नाकाचा मधला भाग बसू शकतो.

सेल असेल तर नाकात कोणतेही थेंब घालायचे नाहीत, मिठाचं पाणीसुद्धा नाही. ओलावा वाढला की वीज जास्त वाहते. घरी काढण्याचे प्रयत्न करण्यातही वेळ घालवू नका.

खेळण्यातल्या छोट्या सेलवर बहुतेक वेळा एलआर ४१ किंवा एलआर ४४ असं लिहिलेलं असतं. पहिल्याचा व्यास ७.९ मिलिमीटर, दुसऱ्याचा ११.६ मिलिमीटर. लहान मुलाच्या नाकात दोन्ही जातात. रिमोट आणि वजनकाट्यातला सीआर २०३२ हा २० मिलिमीटरचा असतो. तो नाकात सहसा जात नाही, पण गिळला जातो, आणि अन्ननलिकेत अडकला तर जिवावर बेततं. तेव्हाही इतक्याच तातडीने पळायचं.

लोहचुंबकाचा धोका दोन तुकडे असतील तेव्हा असतो. एक या नाकपुडीत, एक त्या नाकपुडीत गेला की ते मधल्या पडद्याला दोन्हीकडून चिमटीत धरतात, पडद्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरतो. कानातले म्हणून मिळणारे चुंबकाचे खडे, फ्रिजवर लावायची चित्रं, चुंबकाचे गोळे यांत हे असतात.

आणि कोणतीही वस्तू असो, मुलाला अचानक ठसका लागला, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओठ निळसर झाले, तर वस्तू मागून घशात उतरून श्वासनलिकेत गेली असं समजा. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. खोकता, रडता येत नसेल तर पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा. एक वर्षावरच्या मुलाला त्यानंतर मागून धरून बेंबीच्या वर, पोटात आत आणि वरच्या दिशेने ५ दाब. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर दाबायचं नाही. हातावर पालथं धरून थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ५ दाब. श्वास सुरू होईपर्यंत हे आलटून पालटून करत राहा. तेवढ्यात दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करायचा.

४. हात आवरा

नाकाची वाट वर डोळ्यांकडे जाते असं आपल्याला वाटतं. खरं तर ती टाळूच्या वरून सरळ मागे घशाकडे जाते. म्हणून चिमट्याने ढकललेला मणी वर अडकून बसत नाही, मागे सरकत जातो आणि शेवटी घशात पडतो. तिथून पुढे श्वासनलिका.

चिमटा, केसांचा आकडा, सुई, काडेपेटीची काडी, कानात घालायची कापसाची काडी, करंगळीचं नख, यातलं काहीही नाही. गोल आणि गुळगुळीत वस्तू चिमट्यात येतच नाही, प्रत्येक वेळी थोडी आत जाते. खोबरेल तेल सोडायचं नाही, गरम पाण्याची वाफ द्यायची नाही, मिरपूड किंवा तपकीर हुंगवून शिंका काढायच्या नाहीत. शिंकेआधी मूल जोरात श्वास आत ओढतं, आणि वस्तू मागे जायची ती त्याच वेळी. त्याला उताणं झोपवूही नका. बसवून ठेवा, थोडं पुढे झुकवा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा.

वस्तू नाकपुडीबाहेर डोकावत असेल आणि दोन बोटांच्या चिमटीत येत असेल तरच ओढा. एकदा हात निसटला की पुन्हा प्रयत्न नको. डॉक्टर मला म्हणाले होते, पहिल्या प्रयत्नात मूल शांत असतं, तो प्रयत्न आमच्यासाठी राखून ठेवा. आईने चार वेळा खोदून आणलेलं मूल डॉक्टरांनाही नाकाजवळ येऊ देत नाही, शिवाय आतून सूज आणि रक्त आलेलं असतं.

५. घरी करता येण्यासारख्या दोनच गोष्टी

सेल, चुंबक, टोकदार वस्तू, गुंज किंवा काजूचं टरफल नसेल, आणि मुलाचा श्वास नीट चालला असेल, तरच हे वाचा.

मूल नाक शिंकरू शकत असेल, म्हणजे साधारण चार वर्षांपुढचं असेल, तर मोकळी नाकपुडी दाबून धरा, तोंडाने श्वास घ्यायला लावा आणि जोरात शिंकरायला सांगा. आधी मोकळ्या हवेत सराव करून घ्या, नाहीतर ते उलट आत ओढेल.

त्याहून लहान मुलासाठी आईची फुंकर. न्यू जर्सीतले डॉक्टर व्लादिमीर क्टिबोर यांनी १९६५ साली ही रीत लिहून ठेवली. २०१२ मध्ये तिच्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा शंभरातल्या साधारण साठ मुलांना तिचा उपयोग झालेला दिसला. मुलाला सांगा, "मोठा पापा घेते हां." त्याला मांडीवर बसवा. मोकळी नाकपुडी बोटाने पूर्ण दाबा. आपलं तोंड त्याच्या उघड्या तोंडावर असं लावा की बाजूने हवा निघणार नाही. आधी हळू फुंका. थोडा अडथळा जाणवला की एकच छोटी, झटक्यात फुंकर मारा. हवा घशामागून फिरून अडलेल्या नाकपुडीतून बाहेर येते आणि वस्तूला पुढे ढकलते. मुलाने घशाचं दार मिटलेलं असतं, तोच अडथळा आपल्याला लागतो, त्यामुळे फुंकर फुप्फुसात जात नाही. पूर्ण जोर लावून, फुगा फुगवल्यासारखं फुंकायचं नाही.

दोन-तीनदा करून बघा. मूल रडत, झगडत असेल तर सोडून द्या आणि निघा. वस्तू निघाली नाही पण थोडी पुढे आली, तरी डॉक्टरांचं काम सोपं होतं. माझ्या भाचीच्या नाकातली चवळी अशीच पुढे आली आणि दवाखान्यात अर्ध्या मिनिटात निघाली.

६. कुठे जायचं ते आजच ठरवून ठेवा

प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढेच दिसणारी वस्तू काढून देतात, पण नाकाच्या आत बघायची साधनं सगळीकडे नसतात. म्हणून निघण्याआधी फोन करून सरळ विचारा, "कान-नाक-घसा तज्ज्ञ आत्ता आहेत का?" तज्ज्ञ आठवड्यातले ठरावीक वारच येतात, असं बऱ्याच ठिकाणी असतं. आम्ही पहिल्या खेपेला न विचारता गेलो आणि परत आलो. तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्ह्याचं, ही वाट सेलच्या बाबतीत पायरीपायरीने चढू नका. जिथे तज्ज्ञ आणि भूल देणारे डॉक्टर दोघेही आहेत तिथेच थेट जा. सिंधुदुर्गात ओरोसला आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. घाट चढून कोल्हापूरला जायचं असेल तर पावसाळ्यात दरड पडली नाही ना, ते आधी विचारा. दाभोळ, जयगडसारख्या खाडीवर फेरीबोटीने जावं लागत असेल तर शेवटच्या फेरीची वेळ माहीत असू द्या.

मोटारसायकलवर मुलाला पुढे बसवून खड्ड्यांतून नेऊ नका. गाडी मिळत नसेल तर १०८.

७. सोबत काय घ्यायचं

– तसाच दुसरा मणी, बी किंवा सेल, आणि मोडलेलं खेळणं. डॉक्टरांना आकार कळतो आणि कोणतं हत्यार वापरायचं ते ठरतं.
– एक जाड चादर, मुलाला गुंडाळण्यासाठी.
– आधी दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या. कशाची अॅलर्जी असेल तर ती लिहून.
– रेशनकार्ड, आई-वडिलांचं आणि मुलाचं आधार. मुलाचं आधार नसेल तर जन्मदाखला. भूल द्यायची वेळ आली तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल विचारून बघा.
– मुलाने शेवटचं काय खाल्लं आणि किती वाजता, ते.

या शेवटच्या गोष्टीत फार जण फसतात. मूल रडतं म्हणून आपण वाटेत बिस्किटं देतो, स्टँडवर वडा घेऊन देतो. भूल द्यायची असेल तर पोट रिकामं लागतं: जेवण-बिस्किटांनंतर ६ तास, अंगावरच्या दुधानंतर ४ तास, साध्या पाण्यानंतर साधारण २ तास. वाटेतल्या एका वड्यामुळे शस्त्रक्रिया सहा तास लांबू शकते. निघाल्यापासून डॉक्टर सांगेपर्यंत खायला काही देऊ नका.

८. तिथे काय होतं

मोठ्या माणसाच्या मांडीवर मूल बसवतात. चादरीत हात आत घेऊन गुंडाळायचं, एक हात मुलाच्या छातीवर, एक कपाळावर, पाय आपल्या मांड्यांमध्ये. हे कठोर वाटतं, मला रडू आलं होतं. पण डोकं हललं तर इजा होते, त्यामुळे घट्टच धरा, आणि धरवणार नसेल तर तसं सांगून दुसऱ्याला धरू द्या. बधिर करण्याचे आणि सूज उतरवण्याचे थेंब किंवा फवारा नाकात देतात. मग डोक्याला दिवा लावून, गोल वस्तूच्या मागे वाकडा आकडा नेऊन ती पुढे ओढतात. मऊ किंवा कडा असलेल्या वस्तूला चिमटा, काही वेळा हवा खेचणारी नळी. माझ्या मुलीचं काम दोन मिनिटांचं होतं. जमलं नाही, वस्तू फार मागे असली किंवा मूल अजिबात राहत नसलं, तर भूल देऊन काढतात. तो निर्णय डॉक्टरांनी घेतला तर घाबरून दुसरीकडे जाऊ नका.

एक्स-रेबद्दल एक गैरसमज आहे. धातू एक्स-रेत दिसतो. सेल तर कडेला दुहेरी वर्तुळ दाखवतो, त्यावरून तो नाण्यापेक्षा वेगळा ओळखतात. पण प्लास्टिकचा मणी, बी, स्पंज, कागद दिसत नाहीत. "एक्स-रे स्वच्छ आला" म्हणून वासाची सर्दी सोडून देऊ नका.

९. निघाल्यावर

दुसरी नाकपुडी आणि दोन्ही कान तिथेच बघायला सांगा. एक घालणारं मूल दुसरंही घालतं. माझ्या मुलीच्या कानात काही नव्हतं, पण डॉक्टरांनी न सांगता बघितलं.

मणी किंवा बी असेल तर दोन-तीन दिवसांत नाक कोरडं होतं. वास राहिला तर परत जा, तुकडा राहिलेला असू शकतो. वर्षानुवर्षं आत राहिलेल्या वस्तूवर खनिजांचे थर साठून नाकात खडा होतो, मोठेपणी तो नाक बंद का म्हणून तपासताना सापडतो.

सेल असेल तर काम तिथे संपत नाही. क्षाराची इजा सेल काढल्यावरही काही काळ चालू राहते आणि पडद्याला भोक नंतर दिसू शकतं. भावाने मुलाला सांगितलेल्या प्रत्येक तारखेला नेलं, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, मलम लावणं महिनाभर केलं. हे धुणं सेल काढल्यानंतरचं आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरचं आहे, आधीचं नव्हे. त्याचा पडदा वाचला.

१०. घरात फिरून बघा

खेळण्याची सेलची झाकणी स्क्रूने बंद होते का ते बघा. नुसती सरकवून उघडत असेल तर ते खेळणं लहान मुलाला देऊ नका. जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. जत्रेतल्या लाइटच्या अंगठ्यांवर, शिट्ट्यांवर ते शोधा. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं नळकांडं वापरतात, त्यात पूर्ण मावणारा तुकडा त्यांना चालत नाही. अंगठा आणि तर्जनीने तेवढं वर्तुळ करून बघा, अंदाज येतो. काढलेले सेल दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून उंचावरच्या डब्यात टाका, देवघराच्या कोनाड्यात नकोत.

गणपतीत मखर सोडवायचं काम मुलं झोपल्यावर करा, आणि माळ तुटली तर केरसुणी मारून झाल्यावर टॉर्च जमिनीला आडवी धरून ओटी बघा. उभ्या उजेडात न दिसणारे मणी आडव्या उजेडात चमकतात. मी दरवर्षी तसं बघते, आणि दरवर्षी एक-दोन सापडतात.